शेजारची खुर्ची : पनवेलमधली तीन व्याख्यानं

पनवेलला लोक उतरतात ते पुढची गाडी पकडायला. पनवेल पाहायला म्हणून कुणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यामुळे ‘मी पनवेलच्या प्रवासाला निघालेय’ असं महाडच्या आमच्या वाचनालयात जाहीर केलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी विचारलं, “आणि तिथून पुढे कुठे?” म्हटलं, “तिथून पुढे अंतराळात.” त्यांनी मान हलवली आणि पुस्तकावर शिक्का मारला. सत्तरीनंतर बाई काहीही बोलली तरी लोक नुसती मान हलवतात. या वयाचा हा मोठा फायदा, आणि त्याहून मोठा तोटा.

जायचं कारण असं की गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच फरशीवर पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण माझ्या मुलाचा, नितीनचा, धीर मोडला. तो तळोज्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, “आई, तिथलं घर बंद कर आणि इकडे ये.” मी अट घातली. तुमच्या त्या मुलखात मला भांडायला एक माणूस मिळालं तर येईन. बोलायला नाही, भांडायला. बोलायला काय, टीव्हीतलेही बोलतात. माझे यजमान विनायकराव गेले त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. सगळे समजूत घालतात.

नितीन माझाच मुलगा, वस्ताद. त्याने मला एका व्याख्यानमालेची जाहिरात पाठवली. पनवेलच्या सभागृहात लागोपाठ तीन संध्याकाळी भौतिकशास्त्रावर व्याख्यानं, सर्वांना खुली. खाली लिहिलं होतं, “माणूस शोध. चौथ्या दिवशी हो की नाही ते सांग.”

आता भौतिकशास्त्रच का, तर मी त्या विषयाची पदवीधर आहे. तरुणपणी मी हे ओळख होण्याआधीच सांगून टाकत असे. विनायकराव मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी पुढे करता करता मी त्यांना प्रकाशाचा वेग विचारला होता. मला वाटलं, आता हा पोस्टातला कारकून घामाघूम होणार. त्यांनी पोहे संपवले, चहा बशीत ओतला आणि विचारलं, “हा बशीत लवकर का निवतो, ते तुम्ही सांगा.” मी वाफेपासून सुरुवात करून इतकी लांब गेले की माझं संपेस्तोवर त्यांचा चहा पिऊन झाला होता. आणि तेव्हाची ती मुलगी रात्रभर आईला सांगत होती, ‘मी त्याला निरुत्तर केलं.’ असली शहाणी! आज मला भेटली तर मी तिला आधी भांडी घासायला बसवीन.

वडखळ, पेण, पनवेल

महाडहून एसटीने निघाले. वाटेत वडखळच्या आसपास पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या दिसल्या आणि मी खिडकीतूनच एक घेतली. घेताना लक्षात आलं नाही की एवढी माळ दोन माणसांच्या घराला पुरते. माझ्या हिशेबात अजून दोन माणसं असतात. पनवेलच्या स्थानकापर्यंत ती माळ मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या मुलीने नाकाला ओढणी लावली. मी तिला कांद्याचे गुण सांगायला लागले, तर तिने कानातही काहीतरी घातलं.

पनवेल स्थानकावर रिक्षावाले ‘तळोजा, कळंबोली, कामोठे’ असं ओरडत होते. आमच्या महाडचा रिक्षावाला नाव घेऊन विचारतो, ‘काय काकू, लेकाकडे का?’ इथे मी कुणाचीच काकू नव्हते. फार वर्षांनी असं झालं. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं.

चौदावा मजला

नितीनचं घर नेटकं आहे. त्याच्या खिडकीतून डोंगर दिसतो आणि कारखान्यांची धुराडीही दिसतात. वारा तिकडून सुटला की सूनबाई, अश्विनी, पळत जाऊन काचा लावते. वास सडक्या अंड्यांचा. मी म्हटलं, “हायड्रोजन सल्फाइड!” पन्नास वर्षांनी पदवी उपयोगाला आली म्हणून मी खूश झाले. अश्विनी म्हणाली, “हो आई, आम्ही नुसता वास म्हणतो.”

सकाळी नऊनंतर घरात मी एकटी. नात ओवी सात वाजताच शाळेला जाते. आल्यावर गळ्यात पडते, प्रेमाने ‘आज्जू’ म्हणते आणि खोलीत जाऊन कानांवर ती मोठी वाटीसारखी यंत्रं लावून बसते. मी काचेला नाक लावून खाली पाहत राहिले. खाली भाजीवाला तोंड उघडून ओरडताना दिसत होता आणि दोन बायका हातवारे करून भांडत होत्या. चांगलं रंगलेलं भांडण असावं. मला त्यातला एक शब्दही ऐकू येईना.

म्हणून मी खाली उतरले. भांडण संपलं होतं. परत वर गेले, घंटा वाजवली, तर दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका परक्या बाईने. मी शेजारच्या इमारतीत शिरले होते. मजला तोच, रंग तोच, दारावरची वेलसुद्धा प्लास्टिकची तीच. बाई बहुधा तमिळ. त्यांना मराठी येईना, मला तमिळ येईना. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. दोघीही एकमेकींकडे पाहून हसत होतो. मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग दार लागलं, आणि आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

पहिली संध्याकाळ

महाडला सहाचं व्याख्यान साडेसहाला सुरू होतं. तोवर कोण कुणाकडे सोयरीक करतंय हे कळतं, आणि खरं सांगायचं तर तेच मुख्य व्याख्यान. पनवेलला सहा म्हणजे सहा. सभागृह गार, खुर्च्या मऊ, आणि दारावर पाटी, ‘खाद्यपदार्थ आत आणू नयेत’. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले, पर्समधून रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर टाकला.

टाकल्यावर मला कळलं, मी काय केलं ते.

विनायकराव पोस्टातून सुटून व्याख्यानाला कायम उशिरा यायचे. मी जागा धरायची, रुमाल टाकून. ते येणार, बसणार आणि दहा मिनिटांत झोपणार. मी कोपराने ढोसणार. आणि शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली की हे जागे होऊन चिठ्ठीवर असा प्रश्न लिहून पाठवणार की वक्ता चष्मा पुसायला लागे. चिठ्ठीवर नाव घालायचे नाहीत. मी मात्र उभी राहून, पदर सारखा करून, आपण काय काय वाचलंय ते प्रश्नाच्या रूपाने सांगायचे. एकदा एका वक्त्यांनी विचारलं होतं, “बाई, यात प्रश्न कुठला?” तेव्हा मला तो माणूस अडाणी वाटला होता.

आता रुमाल उचलणार, एवढ्यात काठी टेकत एक गृहस्थ आले. “इथे कुणी आहे?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आहेत. येतायत.”

ते भिंतीला टेकून उभे राहिले. पूर्ण तासभर. मधून मधून माझ्याकडे आणि रुमालाकडे पाहत होते. मी स्टेजवरून नजर हलवली नाही.

स्टेजवर एक तरुण व्याख्यात्या होत्या. सुती साडी, पायांत धावण्याचे बूट. डॉक्टर आहेत, पण औषधाच्या नव्हेत. त्यांनी सांगितलं, आपण तारा पाहतो तो आत्ताचा नसतोच. त्याचा उजेड निघाला तेव्हा आपले खापरपणजोबाही नव्हते. तारा तिथे आता असेल, नसेल. उजेड मात्र येत राहतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर गुणही मिळाले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते मला नीट ऐकू आलं, आणि रुमाल उचलायचा राहून गेला.

दुसरी संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी मी रुमाल मुद्दाम टाकला. कबूलच करते. दोघांना परतवलं. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

व्याख्यातीबाईंनी टेबलावर काचेची मोठी हंडी पालथी ठेवली होती. आत विजेवरची घंटा टणटणत होती. त्यांनी पंप सुरू करून आतली हवा ओढून घ्यायला सुरुवात केली. आवाज बारीक होत गेला, बारीक होत गेला आणि बंद झाला. पण आतली हातोडी अजून हलत होती. घंटा जीव तोडून वाजत होती आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

“मशीन बिगडली,” मागून आवाज आला.

“बिघडली नाही,” बाई हसून म्हणाल्या. “आवाजाला वाट लागते. मधली हवा काढली की तो घंटेपाशीच राहतो.”

मला चौदाव्या मजल्यावरची काच आठवली, भाजीवाल्याचं उघडं तोंड आठवलं. पुढे त्या म्हणाल्या, की सगळं काढून टाकलं तरी पोकळी अगदी रिकामी होत नाही. तिच्यातही काहीतरी सतत हलत असतं. माझा हात आपोआप शेजारच्या खुर्चीवर गेला. डोळे भरून आले. मी मनात एक फार उदात्त वाक्य जुळवत होते, तेवढ्यात मागची बाई पुन्हा म्हणाली, “मंग रिकामी म्हनाचीच कशाला?”

माझं वाक्य मोडलं ते मोडलंच.

तिसरी संध्याकाळ

शेवटच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. रुमाल खुर्चीवर होता. दारातून एक बाई थेट माझ्याकडे आली. हिरवं लुगडं, गळ्यात सोन्याची जाड माळ, हातात डबा. वयाने माझ्याएवढीच.

“कोन हाय का इथं?”

“आहेत. येतायत.”

“काल पन येतच होते. परवा पन. मी मागंच बसलेली.” तिने रुमाल उचलला, नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि बसली. “आले तं उठंन मी.”

मी रुमाल पर्समध्ये ठेवला. थोड्या वेळाने तीच हळू आवाजात म्हणाली, “मालक गेले ना?”

“तीन वर्षं झाली.”

“माजा बारा. मी दोन वर्सां त्याचं ताट वाढाची. मंग ते कुत्र्याला घालाची. कुत्रा असा माजला!” तिने हाताने कुत्र्याची रुंदी दाखवली. “नाव काय तुजं?”

“सुमन.”

“मी फशी. सुमे, जरा सरक, माजा गुडगा आखडतो.”

सुमे! ही हाक मारणारं शेवटचं माणूस, माझी थोरली बहीण, जाऊनही किती काळ लोटला. मी सरकले.

फशीबाई खाडीकडच्या गावातली. मी विचारलं, ती या व्याख्यानांना कशी? म्हणाली, “एसी गार हाय. आनि मना एक इचाराचा हाय.” तिने डबा उघडला. आत पोपटी होती, म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी मडक्यात घालून शेतात भाजलेली. मडक्यात घालतात त्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास तिसऱ्या रांगेभर पसरला. मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिने माझ्या हातात शेंगा ठेवल्या. आम्ही दोघी पदराखाली शेंगा सोलून खात बसलो. कॉलेजात असते तर मी अशा बाईची तक्रार केली असती, आणि उपाशी राहिले असते.

स्टेजवर व्याख्यातीबाई सांगत होत्या, की फार फार दूर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांची थरथर अवकाशातून प्रवास करत पृथ्वीपर्यंत पोचली. इतकी सूक्ष्म, की मोजायला मैलोगणती लांब यंत्र बांधावं लागलं.

“आमच्याकडं यंत्र नाय लागत,” फशीबाई माझ्या कानाशी म्हणाली. “इमान गेलं का फळीवरला माज्या सासूचा तांब्या थरथरतो. बाकीची भांडी गप, तो एकलाच वाजतो. का?”

हेच तिला विचारायचं होतं. मला तर पर्वणीच. “सोपं आहे,” मी म्हटलं. “प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी कंपनसंख्या असते. बाहेरून त्याच कंपनसंख्येचा ध्वनी आला, की…”

“मास्तरीन हायस?”

“नाही.”

“मंग मास्तरीनसारखी कशाला बोलतेस? चिट्ठी लिव.”

इथेही प्रश्न चिठ्ठीवर लिहून हातोहात पुढे द्यायचा रिवाज आहे. मी लिहिलं, ‘विमानाच्या ध्वनिलहरींमुळे एका विशिष्ट धातुपात्रातच कंपने का निर्माण होतात?’ आणि तिला वाचून दाखवलं.

“सासू कुटं गेली?”

“अहो, सासूचा शास्त्राशी काय संबंध?”

“सासूचाच तं तांब्या हाय!”

“तांब्या कुणाचाही असो. तो वाजतो आकारामुळे, जाडीमुळे.”

“माजे दोन तांबे हायत, तसेच, तेवढेच. ते नाय वाजत. तू बघितलास का? नाय बघितलास. आनि सांगतेस!”

“न बघता सांगता येतं, त्यालाच शास्त्र म्हणतात!”

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून ‘शूऽ’ केलं. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभे राहिलेले तेच. मी त्यांच्याकडेही डोळे वटारले. कान तापले होते, श्वास वर आला होता, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी भांडत होते. शिवाय हरत होते. मी चिठ्ठी खोडली आणि तिच्या शब्दांत पुन्हा लिहिली, सासूसकट.

अध्यक्षांनी ती वाचली आणि सगळं सभागृह हसलं. व्याख्यातीबाई हसल्या नाहीत. “दोन तांबे सारखे दिसतात, पण ठोकताना, कल्हईत, पडून पोचा येऊन त्यांच्यात फरक पडतो,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाचा सूर वेगळा होतो. विमानाची घरघर नेमकी त्या एकाच्या सुराशी जुळते. त्रास होत असेल तर त्यात मूठभर तांदूळ टाका, गप्प होईल.”

फशीबाई गुडघा दाबत उभी राहिली. एवढ्या लोकांत तिला चिठ्ठीची गरज वाटली नाही.

“तांदूल नाय टाकनार मी. वाजूंदे त्याला. घरात तेवढाच एक बोलतो.”

व्याख्यातीबाईंनी चष्मा काढला. “मग नका टाकू,” म्हणाल्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही बाहेर उसाच्या गुऱ्हाळापाशी बसलो. तिने सांगितलं, शेत विमानतळात गेलं, त्या पैशांतून चार माळ्यांचं घर झालं. तीन माळ्यांवर तीन मुलगे, सुना, नातवंडं. खाली ती.

“म्हणजे घर भरलेलं आहे,” मी म्हटलं. समजूतच घातली, दुसरं काय.

“भरलेला हाय. पन जिना भायेरून हाय.”

रस थोडा कडू होता, लिंबू जास्त पिळलं होतं. आम्ही त्यावरून गुऱ्हाळवाल्याशी भांडलो, दोघी मिळून.

तेवढ्यात नितीन गाडी घेऊन आला. “मिळालं का माणूस?” त्याने हळूच विचारलं.

“मिळालं,” मी म्हटलं. “पण ते वरचढ आहे.”

“मग हो ना?”

गाडीत बसताना मी मागे पाहिलं. फशीबाई रिक्षाची वाट पाहत उभी होती. मी काच खाली केली, पण तोवर गाडी सुटली. तिचं तोंड हललं, शब्द पोचला नाही. मी नितीनला “हो” म्हटलं.

महाड

हे मी महाडात बसून लिहिते आहे. आवराआवर चालली आहे. कपाटं गेली, गाद्या गेल्या, पडदे उतरवले. घरातून एकेक वस्तू बाहेर पडतेय तसा आवाज घुमायला लागलाय. काल सवयीने मोठ्याने म्हटलं, “चहा टाकू का?” तर माजघराने तेवढ्याच मोठ्याने मलाच विचारलं. मी एकटीपुरता टाकला आणि बशीत ओतून प्यायले. लवकर निवला.

भांडी निवडताना हे न्यावं की ते ठेवावं, ते ठरेना. मग एकेक भांडं फळीवरून काढून त्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. कुकर मुका, परात खरखरीत. विनायकराव रात्री उशाशी पाणी ठेवायचे ते पितळी फुलपात्र मात्र खणखणीत. असं वाजतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. भौतिकशास्त्राची पदवीधर!

आज सकाळी फोन वाजला. आमच्या नंबरांची अदलाबदल गुऱ्हाळापाशीच झाली होती. पलीकडून ‘हॅलो’ नाही, काही नाही. आधी लांबून एक घरघर आली, वाढत गेली, आणि मग तिच्या आत काहीतरी बारीक बारीक थरथरायला लागलं. फळीवर धातू नाचत असावा तसं. मी श्वास रोखून ऐकत राहिले. घरघर ओसरली.

“ऐकलास?” फशीबाई म्हणाली.

“ऐकलं. जरा फुटका वाटतो.”

“तुजा कान फुटका!”

मी फुलपात्र उचललं, फोनपाशी धरलं आणि चमच्याने एक टोला दिला.

“मालकाचा?” तिने विचारलं.

“हो.”

“बारीक वाजतो. पन बरा वाजतो. कवा येतेस?”

“सामान निघालं की.”

तिने फोन ठेवला. फुलपात्र माझ्या तळहातावर अजून हलकंसं थरथरत होतं. ते अगदी थांबेपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग पर्समधला तो रुमाल काढला, त्यात फुलपात्र नीट गुंडाळलं, आणि पनवेलला जायच्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवलं.